शेवटच्या अंड्याची तारीख

माझी ताई कुणाच्या घरी बसत नाही. खुर्ची पुढे केली की म्हणते, "बसते गं, आधी जरा बघते," आणि ते बघणं संपेपर्यंत निघायची वेळ होते. बघते काय, तर कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, न्हाणीघरात कोपऱ्यात विसरलेली बादली, खिडकीतली फुलदाणी. माझ्या लग्नात तिने हॉलमधल्या अकरा फुलदाण्या एकामागून एक बेसिनमध्ये रिकाम्या केल्या आणि वर हॉलच्या मालकाला माझ्या सासऱ्यांदेखत सुनावलं. मी तेव्हा तिच्याशी दोन महिने बोलले नव्हते. आता वाटतं, दोन आठवडे पुरले असते.

ती आरोग्य खात्याच्या डास विभागात आहे. तिच्या हुद्द्याचं नाव एवढं लांब आहे की ते तिलाही एका दमात सांगता येत नाही. लोक तिला डासताई म्हणतात, तोंडावर आणि पाठीमागेही. तिचं काम डास मारायचं नाही, मोजायचं आहे. हे लोकांना समजावता समजावता तिची सव्वीस वर्षं गेली. "मोजून काय मिळतं?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "अंगात ताप किती आहे ते तुम्ही मोजूनच बघता ना?" आणि समोरचा माणूस दार लावून घेईपर्यंत तिची नजर त्याच्या अंगणातल्या जुन्या टायरवर गेलेली असते.

मी तिची धाकटी बहीण. तिच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि दुकानावर घर. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी मी आखूड केल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या कंबरेत सैल. ताईने लग्न केलं नाही. करायला वेळ झाला नाही, असं ती सांगते, आणि मला ते खरं वाटतं. माझी लेक मात्र निम्मी तिनेच वाढवली. मी मशीनवर असायचे तेव्हा ती पोरीला काखोटीला मारून आपली भांडी तपासत गावभर हिंडायची.

ही भांडी म्हणजे तिच्या कामाचा जीव. काळ्या प्लास्टिकचं, मोठ्या पेल्याएवढं भांडं. आत चार बोटं पाणी, कडेला चिमट्याने लावलेली खरखरीत कागदाची पट्टी. डासाची मादी असा अंधार आणि ओल शोधत येते आणि पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवून जाते. शहरभर अशी दोनशे चाळीस भांडी मांडलेली असतात. जिन्याखाली, झाडाआड, शाळेच्या मागे. दर आठवड्याला ताई पट्टी काढून पिशवीत घालते, पाणी ओतते, भांडं ताठ ब्रशने घासते, नवी पट्टी लावते, आणि ऑफिसात जाऊन भिंगाखाली पट्टीवरची अंडी मोजते. मिरपूड सांडल्यासारखी दिसतात.

"म्हणजे तुम्ही डासांच्या बाळंतपणाची सोय करता," मी एकदा म्हटलं.

ती हसली नाही. "सोय करतो आणि अंडी उचलून आणतो. म्हणून तर घासायचं. कडेला चिकटून राहिली तर महिनोन्‌महिने कोरडी पडून राहतात, आणि पाणी लागलं की उठतात. घासलं नाही, तर आपण डास मोजले नाहीत, पाळले."

तिच्याकडे एक निळी वही आहे. ऑफिसची नव्हे, स्वतःची. दर वर्षी त्यात एकच ओळ पडते, शेवटचं अंडं सापडलं ती तारीख. थंडी आली की अंडी थांबतात. ऑफिसात हंगाम संपायचा दिवस ठरलेला आहे. त्या दिवशी सगळी भांडी उचलायची आणि चार महिन्यांनी पुन्हा मांडायची. हा नियम ज्याने केला त्याच्या घरी थंडी वेळेवर येत असणार. ताईच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी शेवटचं अंडं हंगाम संपायच्या चांगलं पाच आठवडे आधी सापडलं होतं. मग ती तारीख दर वर्षी पुढे सरकत गेली, कधी दोन दिवस, कधी आठवडा. ताई मला वही दाखवायची. मी सुईत दोरा ओवता ओवता "हो का?" म्हणायचे. गेली तीन वर्षं तर हंगाम संपायच्या दिवशीही पट्ट्यांवर अंडी होती. त्या तारखांपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण अंडी संपली की नुसतं मोजणं संपलं, हे तिला सांगता येत नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, फक्त कागदाच्या बाहेर बघितलं की त्याला चक्कर येते.

"बाई, हंगाम संपला," साहेब म्हणाले.

"हंगाम संपला हे डासांना कुणी कळवलंय का, साहेब?"

"फॉर्ममध्ये पुढच्या चार महिन्यांचे रकानेच नाहीत. तुम्ही मोजाल हो, पण भराल कुठे?"

यंदा तर दोन दिवसांत सगळी भांडी उचला, असा हुकूम आला. जोडीला असते ती बाई रजेवर. ताईने एकटीने ऑफिसच्या गाडीतून शहरभर फिरून दोनशे चाळीस भांडी आणली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला जुने फॉर्म संगणकावर चढवायला बसवलं. बसवलं म्हणजे काय, तिने स्टूल बाजूला सारलं आणि उभ्यानेच टाइप करायला घेतलं. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आमची आई म्हणायची. आईने ते कौतुकाने म्हटलं नव्हतं.

त्याच महिन्यात माझी लेक माझ्याकडे राहायला आली. तिला आठवा लागला होता. जावई जहाजावर नोकरीला, त्याला परतायला दोन महिने. डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. जिने चढायचे नाहीत, प्रवास करायचा नाही. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत मी तिचा पलंग टाकला. मी कापड कापायचे आणि ती पडल्या पडल्या मला चुका दाखवायची. आमचं बरं चाललं होतं.

थंडी म्हणायची ती पडलीच नव्हती. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले कोट खुंटीवर तसेच लटकत होते, कुणी न्यायला येईना. दुकानात पंखा चालू होता. अशात एक दिवस औषधाच्या दुकानातली बाई पर्सची चेन बदलायला आली आणि सहज म्हणाली, "यंदा तापाच्या गोळ्या पुरत नाहीयेत बघा. या एका गल्लीत नऊ जण झोपलेत. दोघांचं रक्त तपासलं, तर डेंगी निघाला."

मी ताईला फोन केला. ती ऑफिसातून तडक निघून आली. आली ती आधी पलंगाशी गेली आणि लेकीच्या हातापायांवरून नजर फिरवली. "बाह्या लांब घाल. मोजे घाल. मच्छरदाणी दिवसासुद्धा लाव. हा दिवसा चावतो." मग मला खुणेने बाहेर बोलावलं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "शेवटच्या महिन्यात डेंगी झाला तर रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. आणि नेमकं तेव्हाच बाळंतपण आलं, तर रक्त थांबत नाही. असं होतंच असं नाही. पण होतं."

बाळंतपणाला पाच आठवडे होते.

"तिला तुझ्याकडे ने," मी म्हटलं.

"चौथा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टर काय म्हणाल्यात?" ती दारातल्या दारात येरझारा घालत होती. "इथेच शोधायला हवं. हा डास दोनशे पावलांपलीकडे फारसा जात नाही. नऊ जण म्हणजे कुठेतरी भरपूर पाणी आहे, आणि जवळच आहे."

साहेबांकडे जाऊन तिने माणसं मागितली. साहेबांनी हात वर केले. हंगाम नसताना तपासणी काढली तर वरून विचारणा होईल, म्हणाले. पुढे म्हणाले, "तुमच्या भाचीसाठी ऑफिस चालत नाही, बाई." हे ताईने मला सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र चिडली नाही. तिला चिडायलाही एका जागी थांबावं लागलं असतं.

ती एकटी निघाली. सकाळी ऑफिसच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी उजेड असेपर्यंत. गल्लीत एकसष्ट घरं. तिच्याकडे ओळखपत्र होतं, पण हंगामाचा हुकूम नव्हता, आणि लोकांना तेवढं निमित्त पुरलं. चौथ्या घरी तिला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मी मशीनवर कापड टाकलं आणि तिच्याबरोबर निघाले. मला गल्लीत कुणी नाही म्हणत नाही. सगळ्यांच्या कंबरेची मापं माझ्या वहीत आहेत.

एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्या गच्चीत चाळीसेक कुंड्या. "माझ्या कुंड्यांना बोट लावायचं नाही," ते म्हणाले.

"बरं, सर," मी म्हटलं. "तुमच्या पँटीचं काय करू? शुक्रवारी देऊ की नकोच देऊ?"

त्यांनी स्वतः टॉर्च धरला. चाळीस ताटल्यांपैकी दोनच ताटल्यांत अळ्या निघाल्या, त्याही मोजून सात. बाकी गल्लीत असंच. एका घरी कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात, एका घरी बंद पडलेल्या कुलरमध्ये. ताई प्रत्येक ठिकाणी पाणी ओतायची, घासायची, आणि मान हलवायची. "हे नाही. एवढ्याने नऊ जण झोपत नाहीत." मग ती पलंगाखाली, पडद्यामागे, कोटांच्या घड्यांत काचेची नळी घेऊन शिरायची. नळीला रबरी पाइप असतो. त्याचं टोक तोंडात धरून श्वास ओढायचा, की डास नळीत. मध्ये जाळी असते, नाहीतर तो सरळ पोटात जायचा. कोणत्या घरात किती पकडले, ते ती एका कागदावर लिहीत होती.

हे नऊ दिवस चाललं. त्या दिवसांत आमच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेक मच्छरदाणीत उकडून वैतागलेली. मी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, आणि ते गिऱ्हाइकाने घालून बघेपर्यंत मला कळलं नाही. ताई तर चालता चालता जेवायची, आणि बोलता बोलता मध्येच वाक्य सोडून उठून पाइप बघायला जायची. गल्लीत आजारी माणसं नवाची चौदा झाली.

दहाव्या दिवशी दुपारी तिने गल्लीचा नकाशा माझ्या कापायच्या टेबलावर पसरला. ऑफिसची घरयादी असते, प्रत्येक घराला नंबर. त्यावरूनच हा नकाशा काढलेला. तिने आकडे सांगायला सुरुवात केली आणि मी खडूने एकेका घरावर लिहीत गेले. घर एक, तीन डास. घर आठ, पाच. घर बावीस, एक. मला नकाशे कळत नाहीत, पण कापडावर खुणा कळतात. कुठल्या बाजूला घोळ येतोय, ते हाताला समजतं. सगळे मोठे आकडे एका कोपऱ्याकडे गोळा झाले होते, आणि त्या कोपऱ्यात मध्येच पांढरी जागा होती. नंबर नाही, काही नाही.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? मोकळी जागा आहे का?"

"आमचं ऑफिस आहे," ती म्हणाली, आणि पुढचा आकडा सांगायला तोंड उघडलेलं तसंच राहिलं.

"तिथे तपासलंस?"

"ते यादीत नाही," ताई हळू आवाजात म्हणाली. "यादी आम्हीच केली ना. फाटकापासून बाहेर सुरू केली."

सव्वीस वर्षं ज्या इमारतीतून ती दुसऱ्यांची घरं तपासायला निघत होती, ती इमारत कुणीच कधी तपासली नव्हती. ताई चपला उलटसुलट घालूनच पळाली. मी तिच्या मागे.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. शिपायाने किल्ली आणली आणि वाटेत म्हणाला, "वर काही नाही हो बाई, तुमचीच भांडी आहेत." गच्चीवर पाण्याची टाकी. खालून मोटर लावायची आणि बंद करायची विसरायची, ही त्याची जुनी सवय, त्यामुळे टाकी रोज भरून वाहायची. वाहिलेलं पाणी खाली ताडपत्रीवर पडत होतं, आणि ताडपत्री तीन ठिकाणी फाटलेली होती.

ताईने एका बाजूने ताडपत्री उचलली. दोनशे चाळीस काळी भांडी, रांगेत, एकाला एक लागून, सगळी उताणी. प्रत्येकात पाणी. पाण्यात अळ्यांची नुसती वळवळ. आतून डासांचा ढग उठला आणि आमच्या हातांवर, मानेवर बसला. मी दोन्ही हातांनी चापट्या मारत सुटले. ताईने एकही मारला नाही. ती मोजत होती.

मग ती थांबली. "मी घासली नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी फक्त ओतलं. दोन दिवसांत सगळी उचलायची होती ना. म्हटलं, उद्या घासून पालथी घालते. मग त्या टायपिंगला लावलं. मग म्हटलं, जाऊ दे, आता थंडी पडेलच." तिचा आवाज अगदी सपाट होता. "दर वर्षी एवढं घासणं थोडीच होतं गं. थोडी राहायचीच. थंडी मारायची. सव्वीस वर्षं माझं अर्धं काम थंडीने केलं."

हे ती बाई म्हणत होती, जिच्या वहीत थंडी दर वर्षी मागे हटत होती. ते तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, मला दाखवलं होतं, साहेबांशी त्यावरून भांडली होती. आणि स्वतःच्या गच्चीवर मात्र ती जुन्या थंडीच्या भरवशावर राहिली. शहरभरातून तिने अंडी गोळा केली होती आणि माझ्या लेकीच्या खिडकीपासून शंभर पावलांवर आणून ठेवली होती.

तिथे दोन ब्रश होते. एक तिने घेतला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. "तूच घास," मी म्हटलं आणि जिना उतरून आले. मला तिचा राग आला होता, एवढा की तिच्याकडे बघवत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर लोकांनी सांगताना आम्ही दोघी बहिणींनी मिळून गच्ची साफ केली असं सांगितलं. तिने एकटीने केली. शिपाई सांगत होता, दोन दिवस लागले, बाईंच्या हातांची सालं निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक म्हणाली, "आई, डोळ्यांच्या मागे दुखतंय."

ताप एकशे तीन. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. मी ताईला फोन करून तेवढंच सांगितलं. पलीकडे तिने दिवस मोजले. मग म्हणाली, "ताप आज आला, म्हणजे चावला पाच-सहा दिवसांपूर्वी. तेव्हा मी मास्तरांच्या कुंड्या बघत होते."

"तू दवाखान्यात येऊ नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ती आली नाही. म्हणजे आत आली नाही. फाटकावरचा पहारेकरी मला सांगायचा, एक बाई रोज सकाळी येते, विचारते आणि जाते. जाता जाता फाटकाजवळच्या कुंड्यांच्या ताटल्या उलट्या करून जाते. ताप पाचव्या दिवशी उतरला, आणि तेव्हाच खरी भीती असते असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पेशी दीड लाखावरून साठ हजारांवर आल्या, मग चाळीसवर. लेकीच्या हातांवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके आले. दर सहा तासांनी रक्त घ्यायचे. मी कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे, आणि एकदा फेरी मारताना लक्षात आलं की मीही ताईसारखीच हात मागे बांधून चालतेय. लेक सारखी विचारायची, "मावशी कुठे आहे?" मी म्हणायचे, "कामात आहे."

सहाव्या दिवशी शिपाई भेटायला आला. बिचारा अवघडून उभा होता. त्याने सांगितलं, बाईंनी साहेबांना अहवाल दिला. साहेब म्हणाले, उगम निश्चित सापडला नाही असं लिहा, हंगाम नसताना कोण विचारतंय. बाईंनी तो कागद परत घेतला नाही. त्याने अहवालातलं वाक्य पाठच केलं होतं. "उगम: या कार्यालयाची गच्ची. कारण: हंगाम संपल्यावर जमा केलेली भांडी मी घासली नाहीत व पालथी घातली नाहीत." खाली तिची सही आणि पूर्ण हुद्दा, जो एका दमात म्हणता येत नाही तो.

"मोटर माझ्याकडून चालू राहायची," शिपाई म्हणाला. "त्यांनी माझं नाव कुठेच घातलं नाही. मी म्हटलं, घाला. तर म्हणाल्या, पाण्याने डास होत नाहीत, अंड्यांनी होतात."

ताईवर चौकशी लागली. सव्वीस वर्षांत तिच्या नावावर साधा लेट मार्क नव्हता.

सातव्या दिवशी पेशी चाळीसवर थांबल्या. आठव्या दिवशी सकाळी थोड्या वर आल्या, आणि त्याच दुपारी, अडीच आठवडे आधी, लेकीला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मी बघितला आणि बाकावर बसून राहिले. आतून पिशव्या मागवत होते, रक्ताच्या. एक, मग आणखी दोन. जावयाचा जहाजावरून फोन आला, आवाज तुटत होता. तो विचारत होता, "आई, ती कशी आहे? आई?" आणि मी आतल्या दाराकडे बघत होते. अडीच तासांनी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी आहे, वजन कमी आहे, पण रडली. मी विचारलं, आणि तिची आई? नर्स म्हणाली, रक्त थांबलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई दारात आली. हातात पर्स, हातांच्या बोटांना पट्ट्या. माझ्याकडे न बघता तिने लेकीकडे बघितलं, मग बाळाकडे. आत पाऊल टाकलं नाही. मला माहीत होतं ती काय बोलणार आहे, आणि मला ते थांबवायचं होतं, कारण लेकीला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण ताईला कोण थांबवणार.

"तुला चावला तो डास माझ्या भांड्यांतला होता," ती दारातूनच म्हणाली. "मी घासली नव्हती. तुझ्या आईने सांगितलं नसेल."

अंगात रक्त नसल्यामुळे लेकीचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिने बाळाच्या अंगावरचं पांघरूण उगीच सारखं केलं.

"किती होती?" तिने विचारलं.

"दोनशे चाळीस."

"आता घासलीस?"

"घासली. उकळत्या पाण्यात घातली. उन्हात वाळवली. पालथी घातली."

"गल्लीत अजून कुणी आजारी पडलं?"

"चार दिवसांत नवीन कुणी नाही."

"आणि वहीत? यंदाचं शेवटचं अंडं?"

ताईने मान हलवली. "यंदा ओळ लिहिली नाही. संपतच नाहीत ती. चार भांडी मी परत मांडलीयत, कुणाला न विचारता. काल पट्टीवर एकोणीस होती."

लेकीने पलंगाशेजारच्या खुर्चीवरची माझी पिशवी जमिनीवर ठेवली. "मग संपेपर्यंत उभीच राहणार आहेस का तू?" ती म्हणाली. "बस की, मावशी. हिला घे. माझे हात दुखतात."

ताई आत आली. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, उठायच्या तयारीत टेकतात तशी. लेकीने बाळ तिच्या हातात दिलं, तेव्हा तिला मागे सरकावंच लागलं. पट्ट्या बांधलेली बोटं बाळाच्या डोक्याखाली नीट बसेनात, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसलं नाही. मला ते अजून जमण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळाने तिची नजर खोलीभर फिरू लागली. खिडकीत कुणीतरी ठेवलेली फुलदाणी होती, दोन दिवसांच्या गढूळ पाण्याची. तिने बाळाकडे बघितलं, पुन्हा फुलदाणीकडे बघितलं, आणि तिचे पाय हलायला लागले.

"बस तू," मी म्हटलं. "मी करते."

मी फुलदाणी न्हाणीघरात नेली, पाणी ओतलं, आणि ब्रश मिळेना म्हणून बोटांनी आतली कड घासली. दोनदा घासली. मग पालथी घालून ठेवली.